तलफ आली की मेसेज यावा
तरुणांची सिगारेट सोडवण्यासाठी मोबाइलचा उपयोग कसा होतो?



वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की आयाबहिणींचा एक प्रश्न हमखास येतो. "मुलगा कॉलेजात गेला आणि सिगारेट ओढायला लागला. समजावून झालं, रागावून झालं, शपथा घालून झाल्या. आता काय करायचं?" या प्रश्नाला मी पूर्वी देत असे त्या उत्तराच्या जोडीला आता आणखी एक उत्तर देते : मुलाच्या खिशातल्या मोबाइलचा उपयोग करा. मोबाइलवर येणारा साधा मेसेज सिगारेट सोडायला मदत करतो, हे जगातल्या अनेक देशांत मोजून, तपासून पाहिलेले आहे. तो कसा मदत करतो, किती करतो, कुठे कमी पडतो आणि आपल्या घरात, वस्तीत त्याचा वापर कसा करता येईल, ते या लेखात पाहू.

आधी तलफ समजून घेऊ

झुरका घेतल्यावर निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. तिथे ते डोपामिन नावाचे रसायन सोडायला लावते आणि माणसाला क्षणभर बरे वाटते. पण हे निकोटीन शरीरात फार वेळ टिकत नाही. दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण साधारण निम्म्यावर येते. मग मेंदू पुन्हा मागणी करतो. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणे सुरू होते. सिगारेट ओढली की हे थांबते. त्यामुळे मुलाला वाटते, सिगारेटमुळे माझे टेन्शन कमी होते. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटने जो त्रास तयार केला, तोच पुढची सिगारेट थोडा वेळ थांबवते.

तरुणांच्या बाबतीत अडचण जास्त आहे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. वाढत्या मेंदूला निकोटीनची सवय लवकर लागते आणि घट्ट बसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशात तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय १८.९ वर्षे निघाले. म्हणजे बारावी झाली, कॉलेज किंवा काम सुरू झाले, हातात थोडे पैसे आले, त्याच वेळी.

आता कामाची गोष्ट. सोडल्यानंतर होणारा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. या काळात तलफ दिवसभर सारखी नसते. ती लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते. पाच मिनिटे निभावली तर ती सिगारेट टळते. ती ठरावीक जागी, ठरावीक वेळी येते : चहाबरोबर, जेवणानंतर, बसची वाट पाहताना, शिफ्ट सुटल्यावर, पेपर वाईट गेल्यावर, मित्राने पेटवल्यावर.

त्या पाच मिनिटांत मुलाजवळ कोण असते? आई नसते. डॉक्टर नसतो. मी नर्स म्हणून वॉर्डात दहा मिनिटे समजावले, तरी टपरीवर तो उभा राहतो तेव्हा मी तिथे नसते. तिथे असतो फक्त त्याचा मोबाइल. मेसेजच्या उपायाची सगळी भिस्त एवढ्या एका गोष्टीवर आहे.

न्यूझीलंडचा प्रयोग

या उपायाचा पहिला मोठा अभ्यास न्यूझीलंडमध्ये झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,७०५ जण होते, आणि त्यांतले बहुतेक तरुण होते. निम्म्या लोकांचे वय २२ किंवा त्याहून कमी होते. सगळ्यांची सिगारेट सोडायची इच्छा होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला मोबाइलवर सोडण्यासाठी मदत करणारे मेसेज जात होते, दुसऱ्याला जात नव्हते.

हे मेसेज सगळ्यांना सारखे नव्हते. ज्याला क्रिकेट आवडते त्याला त्याविषयी, ज्याला गाणी आवडतात त्याला गाण्यांविषयी, असे त्याच्या आवडीनिवडी आणि सवयी पाहून ते पाठवले जात. आधी सोडण्याचा दिवस ठरवायचा. त्या दिवसाच्या आधीपासून मेसेज सुरू. सोडल्यानंतरच्या कठीण आठवड्यांत दिवसाला पाच-सहा मेसेज. त्यांत नुसता उपदेश नव्हता. तलफ आली तर काय करायचे याच्या युक्त्या होत्या, वजन वाढेल का अशा शंकांची उत्तरे होती, मन दुसरीकडे वळवणारी माहिती आणि प्रश्नमंजूषा होती. सोडण्याच्या दिवसापासून महिनाभर मित्रांना मेसेज पाठवणे फुकट करून दिले होते. त्या काळी प्रत्येक मेसेजला पैसे पडत, त्यामुळे तरुणांना हे मोठे आकर्षण होते. शिवाय हात मोबाइलवर गुंतला की सिगारेटकडे कमी जातो, हाही हिशोब त्यात होता.

सहा आठवड्यांनी विचारले तेव्हा मेसेज मिळालेल्या गटात २८ टक्के जणांनी सिगारेट सोडल्याचे सांगितले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते.

या अभ्यासातली आणखी एक बाब आपण लक्षात घ्यावी अशी आहे. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. त्यांच्यात धूम्रपानाचे प्रमाण देशातल्या इतरांपेक्षा बरेच जास्त आहे आणि आरोग्यसेवा मात्र त्यांच्यापर्यंत कमी पोचते. या अभ्यासात माओरी तरुण मुद्दाम मोठ्या संख्येने घेतले. दर पाच जणांत साधारण एक माओरी होता. त्यांच्यासाठी माओरी भाषेतले आणि त्यांच्या जगण्यातले मेसेजही होते. सहा आठवड्यांनी माओरींमध्ये मेसेज मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी, तर न मिळालेल्यांपैकी ११ टक्क्यांनी सोडल्याचे सांगितले. म्हणजे जो उपाय इतरांना लागू पडला, तो त्यांनाही तेवढाच लागू पडला. कित्येक आरोग्य योजनांचा फायदा आधी वरच्या थराला होतो आणि खालच्यांच्या वाट्याला उशिरा, उरलासुरला येतो. इथे तसे झाले नाही, कारण ज्यांच्यासाठी मेसेज होते त्यांची भाषा आणि त्यांचे जगणे आधी विचारात घेतले होते.

लाळ तपासून पाहिले

कोणी म्हणेल, पोरं खोटं सांगत असतील. बरोबर आहे, ती शंका शास्त्रज्ञांनाही होती. न्यूझीलंडच्या अभ्यासात सहा महिन्यांनी बऱ्याच जणांशी संपर्कच होऊ शकला नाही, त्यामुळे पुढचे चित्र धूसर राहिले. म्हणून ब्रिटनमध्ये त्याच धर्तीवर आणखी मोठा अभ्यास झाला. तो २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. यात १६ वर्षांवरचे ५,८०० जण होते. पहिले पाच आठवडे दिवसाला पाच मेसेज आणि नंतर सहा महिने आठवड्याला तीन मेसेज, असे वेळापत्रक होते. तलफ आली तर ठरलेला एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचे. चुकून ओढली तर दुसरा शब्द पाठवायचा, त्यालाही उत्तर यायचे. दुसऱ्या गटालाही मेसेज जात होते, पण ते फक्त अभ्यासात टिकून राहा अशा अर्थाचे होते.

सहा महिन्यांनी जे "सोडली" म्हणाले त्यांच्या लाळेची तपासणी केली. निकोटीन शरीरात मोडल्यावर कोटिनिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो लाळेत सापडला की ओढल्याचे कळते. तपासणीअंती मेसेज मिळालेल्या गटात १०.७ टक्के जण सहा महिने सलग सिगारेटपासून दूर होते. दुसऱ्या गटात ४.९ टक्के.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. शंभरातल्या जवळपास ११ जणांची सुटली, म्हणजे ८९ जणांची सुटली नाही. मेसेज म्हणजे जादू नव्हे. पण मदतीशिवाय शंभरात पाचच जणांची सुटत होती, ती संख्या दुपटीहून अधिक झाली. दर सतरा-अठरा माणसांना मेसेज पाठवले की एक माणूस जास्तीचा सुटतो. एका मेसेजचा खर्च काही पैशांचा. मोठे रुग्णालय नको, यंत्र नको, रांग नको. एवढ्या कमी पैशात तंबाखूतून माणूस बाहेर काढणारे उपाय फार थोडे आहेत.

२०१९ मध्ये अशा १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यांत मिळून १४ हजारांहून अधिक लोक होते. निष्कर्ष तोच निघाला : मेसेजची मदत मिळालेल्यांमध्ये सोडणाऱ्यांचे प्रमाण दीडपट होते.

अमेरिकेतली शाळकरी मुले

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत शाळा-कॉलेजातल्या मुलांमध्ये ई-सिगारेट म्हणजे व्हेपचे व्यसन पसरले. तिथल्या 'ट्रुथ इनिशिएटिव्ह' या संस्थेने २०१९ मध्ये या मुलांसाठी मेसेजची मोफत सेवा सुरू केली. नाव सांगायचे नाही, कुणाला भेटायचे नाही, फक्त एक मेसेज पाठवायचा. मग वयानुसार आणि सोडण्याच्या तारखेनुसार मेसेज येत राहतात. त्यांतले कित्येक मेसेज आधी सोडलेल्या मुलामुलींच्या शब्दांवर बेतलेले आहेत.

या सेवेचे दोन अभ्यास झाले. १८ ते २४ वयोगटातल्या २,५८८ जणांमध्ये सात महिन्यांनी मेसेजवाल्या गटातल्या २४.१ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटातल्या १८.६ टक्क्यांनी सोडल्याचे सांगितले. १३ ते १७ वर्षांच्या १,५०३ मुलामुलींचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात हे प्रमाण अनुक्रमे ३७.८ आणि २८ टक्के होते. आकडे मुलांनी स्वतः सांगितलेले आहेत, हे धरूनही फरक स्पष्ट दिसतो.

"भारतात व्हेप कुठे?" असे समजू नका. २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेट बनवणे, विकणे, आणणे, तिची जाहिरात करणे यावर बंदी आहे. तरीही ती चोरून विकली जाते. पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसते, वास गोड येतो, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. तिच्यातही निकोटीनच असते.

मेसेजमध्ये असे काय आहे?

आपण घरी रोज बोलतो त्याने फरक पडत नाही आणि चार ओळींच्या मेसेजने पडतो, याची कारणे आहेत.

पहिले कारण वेळ. मेसेज तलफेच्या वेळी येतो. घरचे बोलणे वास आल्यावर, म्हणजे ओढून झाल्यावर सुरू होते.

दुसरे कारण एकांत. मेसेज त्यालाच दिसतो. पाहुण्यांसमोर, धाकट्या भावंडांसमोर अपमान होत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. मुलगी सिगारेट ओढते म्हटले की तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. त्यामुळे ती मदत मागायलाच येत नाही. मेसेज मागायला तिला कुणाचे तोंड पाहावे लागत नाही.

तिसरे कारण सातत्य. सिगारेट एका बैठकीत सुटत नाही. मन रोज थोडे थोडे डळमळते आणि रोज थोडा आधार लागतो.

चौथे कारण म्हणजे मेसेज काहीतरी करायला सांगतो. "फुप्फुसे काळी पडतील" हे मुलाला माहीत आहे. पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्र तो रोज पाहतो. "आता पाणी पी, हात धू, बसस्टॉप सोडून चालायला लाग" हे मात्र त्याला त्या क्षणी कुणी सांगितलेले नसते.

आपल्याकडे काय सोय आहे?

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मोबाइल मेसेजची सेवा सुरू केली. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन तिच्यात नाव नोंदवायचे आणि मग तंबाखू सोडण्यासाठीचे मेसेज येऊ लागतात, अशी तिची रचना आहे. सिगारेट, विडी, तंबाखू, गुटखा, कशाचीही सवय असली तरी नाव नोंदवता येते.

दुसरी सोय राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनची. क्रमांक १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती सुरू झाली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासह आणखी केंद्रे जोडली गेली, त्यामुळे मराठीतही बोलता येते. हाच क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. मुले पाकीट रोज हातात घेतात, क्रमांक कुणी वाचत नाही. आजच वाचायला सांगा.

महाराष्ट्राचे वेगळेपणही सांगितले पाहिजे. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत, तर खाण्याचा, चघळण्याचा, लावण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या एका मुलामागे त्याच गल्लीत खर्रा, मावा, गायछाप मळणारे आणि मिश्री लावणारे सहा जण आहेत. घरात आई मिश्री लावते, बाप तंबाखू मळतो आणि दोघे मिळून मुलाला सिगारेट सोड म्हणतात. मुलगा तोंडावर बोलत नाही, पण मनात म्हणतोच. निकोटीन दोन्हीकडे सारखेच आहे. आईने मिश्रीसाठी आणि मुलाने सिगारेटसाठी एकाच दिवशी सुरुवात केली, तर त्या घरात सोडणे सोपे जाते. दोघांनी एकमेकांना मेसेज पाठवावेत. आईला टाइप करता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा.

घरी आणि वस्तीत कसे करायचे?

सरकारी सेवेत नाव नोंदवणे ही पहिली पायरी. तिच्या जोडीला घरातला किंवा वस्तीतला जवळचा माणूस मेसेज पाठवू शकतो. वर सांगितलेल्या प्रयोगांतून घेता येण्यासारख्या गोष्टी या :

१. आधी त्याची संमती घ्या. "मी तुला महिनाभर मेसेज पाठवू का?" असे विचारा. नको म्हणाला तर पाठवू नका. न मागितलेला मेसेज हा कटकटीचाच दुसरा प्रकार होतो.

२. पाठवणारा योग्य निवडा. वडिलांपेक्षा मोठी बहीण, मामेभाऊ, मित्र किंवा स्वतः सिगारेट सोडलेला वस्तीतला एखादा दादा बरा. दोघे-तिघे वाटून घ्या, म्हणजे उत्तर द्यायला कुणी ना कुणी मोकळा असेल.

३. तारीख ठरवा. पुढच्या दोन आठवड्यांतली. परीक्षेचा आठवडा किंवा लग्नाची वरात असलेला दिवस नको. आदल्या रात्री घरातले पाकीट, लायटर, माचिस काढून टाकायची.

४. तलफेच्या वेळा लिहून घ्या. चार दिवस त्याला फक्त नोंद करायला सांगा : किती वाजता, कुठे, कुणाबरोबर. मेसेज त्या वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी गेला पाहिजे.

५. दोन शब्द ठरवा. "तलफ" असा मेसेज आला की लगेच उत्तर द्यायचे, फोन केला तर आणखी चांगले. "ओढली" असा आला की रागवायचे नाही.

६. पहिले पाच आठवडे रोज, नंतर सहा महिने आठवड्यातून दोन-तीनदा. बहुतेक जण महिना झाला की "सुटली" म्हणून मेसेज थांबवतात आणि मग एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर पुन्हा सुरू होते.

७. ग्रुपवर नको. मेसेज त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर. स्मार्टफोन नसेल तर साधा एसएमएस चालतो. त्याला नेट लागत नाही.

मेसेज कसे लिहावेत याचे काही नमुने देते. शब्द तुमचे घाला. त्याचे नाव, त्याची टपरी, त्याची बस त्यात येऊ द्या.

आदल्या दिवशी : "उद्यापासून सुरुवात. रात्री झोपण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे बघ. एखादी सिगारेट लपून बसली असेल."

पहिल्या दिवशी सकाळी : "आज चहा घरीच पी. टपरीवर चहाबरोबर काय येतं ते तुला माहीत आहे. खिशात बडीशेप ठेव."

दुसऱ्या दिवशी : "आज डोकं दुखेल, चिडशील. हे शरीर सुधारत असल्याचं लक्षण आहे. दोन-तीन दिवसच जास्त असतं. घरच्यांना मी सांगून ठेवलंय, आज तुला कुणी काही बोलणार नाही."

बसच्या वेळी : "बसस्टॉपवर टपरीकडे पाठ करून उभा राहा. तलफ आली तर पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जा. पोचशील तोवर उतरलेली असेल."

"तलफ" असे उत्तर आल्यावर : "घड्याळ बघ. पाच मिनिटं काढ. पाणी पी, दहा वेळा लांब श्वास घे. पाच मिनिटांनी मला मेसेज कर, मी इथेच आहे."

मित्रांबरोबर असताना : "'सोडली' म्हणायला लाज वाटत असेल तर 'घसा बसलाय' म्हण. कारण काहीही चालेल, झुरका नको."

आठवडा झाल्यावर : "सात दिवस झाले. दिवसाला पाच, एकीचे पंधरा रुपये धरले तरी ५२५ रुपये वाचले. वर्षाचे २७ हजारांच्या वर होतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बरेच उरतील."

"ओढली" असे उत्तर आल्यावर : "बरं झालं सांगितलंस. एक ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. कुठे होतास, कोण होतं? उद्या तिथे काय वेगळं करायचं ते ठरवू. पाकीट घेतलं असेल तर आत्ता टाकून दे."

शेवटचा नमुना सर्वांत महत्त्वाचा आहे. कायमची सुटण्याआधी बहुतेकांना अनेकदा प्रयत्न करावा लागतो. घसरलेल्या मुलाला टोमणा मिळाला की तो पुढच्या वेळी सांगणारच नाही, आणि सांगितले नाही की मदत करता येत नाही.

काय लिहू नये, तेही सांगते. कॅन्सरचे फोटो पाठवू नका. "आईच्या जिवाची पर्वा असेल तर" असे लिहू नका. दिवसातून वीस मेसेज पाठवू नका. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका.

मेसेज कुठे पुरत नाही

झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट लागते, त्याचे व्यसन पक्के झालेले असते. त्याला मेसेजच्या जोडीला औषधोपचार लागू शकतो. निकोटीनचे च्युइंगम, पट्टी आणि गोळ्या असे उपाय आहेत. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत, अठराच्या आतल्या मुलांना तर स्वतःहून कधीच देऊ नयेत. सरकारी जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा.

सोडल्यावर चिडचिड होणे साहजिक आहे. पण मुलगा दोन आठवडे गप्प गप्प असेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो केवळ निकोटीनचा त्रास समजू नका. मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असेल तर थुंकी तपासा. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोका वाढतो आणि क्षयरोग्याच्या जिवालाही धोका वाढतो.

आणि सगळा भार मुलाच्या इच्छाशक्तीवर टाकून चालणार नाही. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी आहे. ती बंदी मुलांसाठीच महत्त्वाची, कारण पूर्ण पाकीट घ्यायला विद्यार्थ्याकडे पैसे नसतात, एक सिगारेट घ्यायला असतात. तुमच्या शाळेच्या फाटकाशी सुटी सिगारेट मिळते का ते पाहा. मिळत असेल तर मुख्याध्यापकांना घेऊन पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. टपरीवाल्याशी भांडण्याआधी त्याच्याशी बोला. तोही बहुधा आपल्यासारखाच पोटासाठी बसलेला असतो आणि शाळेजवळ सिगारेट न ठेवता चहा-बिस्किटांवर धंदा चालवणारेही आहेत.

लवकर सोडण्याचा फायदा

शेवटची सिगारेट विझवल्यावर वीस मिनिटांत नाडीची गती खाली येऊ लागते. दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. काही आठवड्यांत जिना चढताना लागणारा दम कमी होतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून जो अभ्यास झाला, त्यात दिसले की आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरतात. पण तिशीत सोडली तर ती दहाच्या दहा वर्षे जवळपास परत मिळतात. पन्नाशीत सोडली तर सहा वर्षे मिळतात.

म्हणजे विशीतल्या मुलाच्या हातून अजून फारसे काही गेलेले नाही. सगळेच वाचवता येईल अशी ही वेळ आहे. हे त्याला सांगताना भीती घालू नका, हा हिशोब सांगा.

या अंकातून एवढे करा. १८००-११-२३५६ आणि ०११-२२९०१७०१ हे दोन क्रमांक वाचनालयाच्या, अभ्यासिकेच्या, विहाराच्या आणि व्यायामशाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मोबाइलमध्ये "तंबाखूमुक्ती" या नावाने साठवून ठेवा. मग तुमच्या ओळखीतल्या एका तरुणाला किंवा तरुणीला शांतपणे बाजूला घेऊन विचारा, "सोडायची आहे का? मी रोज मेसेज करीन." हो म्हणाला, तर तलफेच्या वेळा आजच लिहून घ्या.